सिग्नलची जीभ

रुग्णालयाच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत नवा माणूस कामाला लागला की पहिल्याच दिवशी त्याचा घसा बसायचा. धुण्याचे ड्रम, सुकवणीचे ड्रम, वाफेचे नळ आणि हॉलच्या मधोमध ओल्या चादरी गिळून पलीकडून कडक करून बाहेर टाकणारा तो मोठा तापलेला रोलर. एवढ्या आवाजात माणसाचं ओरडणं म्हणजे नगाऱ्यापुढे टिमकी. दुसऱ्या दिवशी तो नवा माणूस शहाणा व्हायचा आणि सिग्नलकडे बघून काम करायला शिकायचा.

सिग्नलला घरी वेगळं नाव होतं, पण तळघरात ते कुणाला ठाऊक नव्हतं. रोलरच्या तोंडाशी उभा राहून तो हातांनी सगळा हॉल चालवायचा. उजव्या हातात सतत चादरीचा काठ असायचा, म्हणून बोलायचं काम डाव्याकडे. डावी मूठ वर म्हणजे थांबा. दोन बोटं खाली म्हणजे वाफ कमी करा. कपाळाला हात म्हणजे साहेब जिना उतरतोय. आणि डावा पंजा उघडा वर म्हणजे सगळं ठीक आहे, पुढची येऊ द्या. दिवसभरात हा पंजा इतक्या वेळा वर जायचा की घरीही बायकोनं "भाजीत मीठ बरोबर आहे का?" विचारलं की घास तोंडात असतानाच त्याचा डावा हात वर व्हायचा.

"तोंड दिलंय ना देवानं?" बायको म्हणायची.

दिलं होतं. पण जिभेच्या टोकापासून खालच्या दातांच्या मुळापर्यंत एक पातळ पडदा ताणलेला होता. जीभ बाहेर काढायला गेलं की तो पडदा मागे खेचायचा आणि टोकाला खाच पडून जीभ पत्त्यातल्या बदामासारखी दिसायची. दाढेत अडकलेलं काही जिभेनं काढता येत नसे, ओठांवरून जीभ फिरवता येत नसे. बोलणं थोडं बोबडं, थोडं गिळलेलं. लहानपणी घरात "याची जीभ जड आहे" एवढंच म्हणत. जीभ उचलून खाली कुणी कधी बघितलं नाही. त्यालाही आपल्याला काही कमी आहे असं वाटलं नव्हतं. माणसानं कमी बोलावं असं शाळेपासून सगळेच सांगत आले होते. तो तेवढं ऐकत आला होता.

लग्नाच्या वेळी मुलगी बघायला गेला तेव्हा तो गप्प बसून राहिला. मुलगा मितभाषी आहे, म्हणून मुलीकडच्यांनी पसंत केला.

"मितभाषी!" बायको अजून म्हणायची. "मला काय माहीत, आतून दोरी बांधून पाठवलाय ते."

ती स्वतः दोघांच्या वाटणीचं बोलायची, त्यामुळे घरात बोलण्याचा तुटवडा असा कधी पडला नाही. मुलगी झाली तेव्हा सिग्नलनं हात स्वच्छ धुऊन, कुणी नाही असं बघून, तिच्या इवल्याशा तोंडात करंगळी घातली आणि जिभेखालून फिरवली. मोकळी होती. मग तो हा विषय विसरून गेला.

आता त्याच मुलीला मुलगा झाला होता आणि ती माहेरी आली होती.

बाळ दूध ओढत नव्हतं. तोंड लावायचं, चार वेळा चुटचुट करायचं, टक् असा आवाज व्हायचा आणि पकड सुटायची. पुन्हा लावायचं, पुन्हा सुटायची. मग दमून झोपायचं आणि भुकेनं लगेच उठायचं. बाटलीनं पाजलं तर निम्मं दूध हनुवटीवरून खाली. चमच्यानं घालावं तेवढंच काय ते पोटात. मुलीच्या छातीला भेगा पडल्या होत्या. सुरुवातीला ती "दुखतंय" म्हणायची. मग म्हणायची बंद झाली. बाळ रडलं की उचलायचं, लावायचं, सुटलं की पुन्हा लावायचं. डोळे समोरच्या भिंतीवर. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की आडवी व्हायची. ती रडत नव्हती, याचंच घरात सगळ्यांना बरं वाटत होतं.

"समजूतदार आहे," बायको शेजारणीला सांगायची. "आजकालच्या मुली किती आकांत करतात."

सिग्नलला ते काही बरं वाटत नव्हतं. पण काय बरं वाटत नाही हे सांगायला जेवढं बोलावं लागलं असतं, तेवढं त्याच्या आटोक्यातलं नव्हतं.

बाळाचं वजन उतरायला लागलं तेव्हा त्याला रुग्णालयात दाखवलं. बाळाच्या डॉक्टरांनी त्यांना दातांच्या विभागात पाठवलं. तिथली डॉक्टर तरुण होती, बोलायला चटपटीत. तिनं दोन बोटांनी बाळाची जीभ उचलली आणि मान हलवली.

"हा बघा पडदा. यामुळे जीभ पुढे येत नाही आणि पकड बसत नाही. बाळ आळशी नाही हो, बिचारं जिवाच्या आकांतानं मेहनत करतंय. घरात आणखी कुणाला आहे का असं?"

"अहो, दाखवा," बायकोनं कोपरानं ढोसलं.

सिग्नलनं जीभ काढली. डॉक्टरनं वाकून बघितलं आणि ती हसली. "अच्छा! म्हणजे मूळ दुकान इथे आहे. ही नवी शाखा."

बायको हसली. मुलगी हसली नाही. सिग्नलनं जीभ आत घेतली. त्याला एकदम वाटलं की तोंडात लपवलेली कसलीशी चोरीची वस्तू सापडली आहे, आणि तीही नातवाच्या तोंडात.

"सोपं काम आहे," डॉक्टर मुलीला म्हणाली. "बधिर करणारं जेल लावायचं, कात्रीनं एवढंसं कापायचं. टाका नाही, काही नाही. कापल्याबरोबर बाळाला अंगावर घ्यायचं. पण वजन असंच उतरत राहिलं तर मात्र दाखल करून नळीनं दूध द्यावं लागेल. काय करायचं?"

"बघू," मुलगी म्हणाली.

घरी फोनवर फोन झाले. जावई परगावी नोकरीला होता. तो म्हणाला, "तुला योग्य वाटेल ते कर, पण आईला विचार." त्याची आई म्हणाली, "आमच्या घरात आजवर कुणाच्या जिभेला कात्री लागलेली नाही. एवढ्याशा जिवाची जीभ कापायची? उद्या मुका झाला म्हणजे?" बायकोला खरं तर आपल्या नवऱ्याकडे बोट दाखवून, न कापताही मुका होता येतं, असं सांगायचं होतं, पण विहीणबाईंपुढे तिनं जीभ आवरली. मुलगी फोन कानाला लावून "हं, हं" करत राहिली. फोन ठेवून पुन्हा बाळाला लावलं. टक्. सुटलं.

"मग काय ठरलं?" बायकोनं विचारलं.

"बघू."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सिग्नल तळघरातून जिना चढून दातांच्या विभागात गेला. ॲप्रनवर चादरींचा धागा-धागा चिकटलेला. डॉक्टरसमोर उभा राहून त्यानं आपल्या तोंडाकडे बोट दाखवलं.

"माझी कापा. आधी माझी."

"काका, या वयात कशाला? तुमचं सगळं व्यवस्थित चाललंय ना? खाता, पिता, बोलता."

"तिला बघू दे."

"कुणाला?"

"मुलीला. बघू दे, काय असतं ते."

डॉक्टरनं त्याला खुर्चीत बसवून पुन्हा नीट तपासलं, आणि मग तिचं मत बदललं. पडद्याच्या रोजच्या ओढीनं खालच्या पुढच्या दातांची हिरडी खाली उतरली होती. आणखी काही वर्षांनी ते दात हललेच असते. "हे कापलेलं बरं," ती म्हणाली. "पण मोठ्या माणसाचं बाळाइतकं सोपं नसतं हं. इंजेक्शन, टाके, नंतर जिभेचा व्यायाम. व्यायाम केला नाही तर जखम भरताना पडदा पुन्हा चिकटतो. चालेल?"

सिग्नलनं डावा पंजा वर केला. डॉक्टरला ते "नमस्कार" वाटलं.

ठरल्या दिवशी सगळे मिळून गेले. मुलीला यायचं होतं की नव्हतं हे कुणाला कळलं नाही. बायकोनं "चल" म्हटलं, ती चपला घालून उभी राहिली. बायको बाहेर बाकावर बसली, कारण तिला रक्त बघवत नसे. मुलगी बाळाला खांद्यावर घेऊन दाराच्या चौकटीत उभी राहिली.

खुर्ची मागे कलली. वर दिवा आला. मदतनीस बाईनं गळ्याभोवती कागदी रुमाल बांधला आणि ओठ कोरडे पडू नयेत म्हणून मलम लावलं.

"काका, तोंड उघडं असताना बोलता येणार नाही," डॉक्टर म्हणाली. "दुखलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन. कळलं?"

सिग्नलला कळलं. ऐकलंही नीट. पण ऐकलेलं डोक्यात राहतं आणि सवय हातात राहते.

इंजेक्शन टोचलं. आधी मुंग्या आल्या, मग जीभ जाड झाली, मग ती आपली राहिलीच नाही. कुणा दुसऱ्याची जीभ आपल्या तोंडात ठेवायला दिल्यासारखी पडून राहिली. त्याला ते वाईट वाटलं नाही. बाहेरचं सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, आणि काही लागत नव्हतं. मुलगी हल्ली अशीच असेल, असं त्याच्या मनात आलं.

डॉक्टरनं जिभेच्या टोकातून एक दोरा घेतला, तो धरून जीभ वर उचलली, पडद्याला चिमटा लावला.

"ठीक आहे ना काका?"

अगदी ठीक होतं. सिग्नलचा डावा पंजा वर गेला.

डॉक्टरनं चटकन हात मागे घेतला. "दुखतंय? थांबा, थांबा. अजून थोडं औषध देते."

पुन्हा सुई. आता बधिरपणा हनुवटीपर्यंत उतरला.

"आता बरं आहे?"

पंजा वर.

"अजून दुखतंय?" डॉक्टरच्या कपाळाला आठी पडली. तिनं मदतनीस बाईकडे बघितलं. "एवढ्या औषधात घोडासुद्धा गार पडला असता."

"काकांचा पडदाच जाड असेल," मदतनीस बाई म्हणाली.

आणखी एक सुई. आता गाल गेला. कानाची पाळी आहे की गळून पडली, सांगता येईना. सिग्नलला काहीतरी गोंधळ होतोय एवढं कळत होतं. डॉक्टर घाबरली आहे असंही कळत होतं, आणि घाबरलेल्या माणसाला धीर द्यायला हवा, म्हणून त्यानं स्वतःहूनच, न विचारता, पंजा चांगला उंच वर केला.

डॉक्टरनं कात्री ताटलीत ठेवली. "राहू दे. काकांना फार त्रास होतोय. याहून जास्त औषध नाही देता येणार. आज दोरा काढू, पुन्हा कधीतरी बघू."

सिग्नलनं डोळे फिरवून दाराकडे बघितलं. इतक्या खटाटोपाचं हेच फळ. मुलीनं बघितलं काय, तर बापाला इतकं दुखलं की डॉक्टरनं अर्ध्यावर सोडून दिलं. हे बघून ती घरी जाणार, आणि बाळ चमच्यावर, नाहीतर नळीवर. त्याला काहीतरी बोलायचं होतं. घशातून "अँ अँ" एवढंच निघालं. त्यानं आणखी जोरात पंजा हलवला.

"हो हो काका, थांबलेच आहे मी," डॉक्टर म्हणाली.

"ते थांबा म्हणत नाहीयेत."

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. मुलगी बाळाला घेऊन आत आली होती. आवाज सपाट होता, रेल्वेची वेळ सांगावी तसा.

"बाबा लॉन्ड्रीत आहेत. डावा पंजा म्हणजे सगळं ठीक, पुढची येऊ द्या. मघापासून ते हेच म्हणतायत."

"अहो, पण मी सांगितलं होतं ना, दुखलं तर..."

"त्यांना थांबवायचं असेल तर मूठ करतात."

मग मदतनीस बाईनं तोंडावरच्या पट्टीआड खुदकन हसू दाबलं. डॉक्टरनं सिग्नलकडे बघितलं. "म्हणजे काका, तुम्हाला आधीपासून काहीच दुखत नव्हतं?"

पंजा वर.

"धन्य आहे. मी इथे घामाघूम. दुखलं तर मूठ करा हं, एवढे उपकार करा माझ्यावर."

डॉक्टरनं पुन्हा कात्री उचलली. मुलगी मागे दारात गेली नाही. खुर्चीशेजारीच उभी राहिली, बाळाचं डोकं तळव्यानं धरून. तिनं सगळं बघितलं. चिमट्याच्या वरून एक काप, खालून एक काप. पडद्याचा छोटासा त्रिकोणी तुकडा ताटलीत पडला, भिजलेल्या कागदाच्या कपट्यासारखा. जिभेखाली पतंगाच्या आकाराची लाल जखम उघडली. मदतनीस बाईनं रक्त ओढून घेतलं, डॉक्टरनं टाके घातले. मुलीचा चेहरा हलला नाही. सिग्नल खालून तिच्याकडे बघत होता आणि त्याला तिच्या चेहऱ्यावर काही वाचता येत नव्हतं.

"झालं," डॉक्टर म्हणाली. "एवढंच."

मुलगी ताटलीतल्या तुकड्याकडे बघत होती. "बाळाचं आज होईल?"

डॉक्टर हातमोजे काढता काढता थांबली. "होईल की. पण घरी विचारायचं होतं ना तुम्हाला?"

"विचारून झालंय."

हे खोटं नव्हतं. विचारून झालंच होतं. उत्तर काय आलं ते तिनं सांगितलं नाही. बाहेरून बायकोनं हे ऐकलं, आणि रक्त बघवत नसतानाही ती दारात आली. "अगं, पण तुझ्या सासूबाई म्हणाल्या..."

"त्यांना नंतर सांगते, आई."

बायकोनं नवऱ्याकडे बघितलं. तो खुर्चीतून उठत होता, गाल एका बाजूला लोंबलेला, जिभेखाली कापसाची घडी. त्याच्याकडून काही मदत मिळण्यातली नव्हती. ती पुन्हा बाकावर जाऊन बसली. तोही शेजारी बसला.

आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. उंच, तुटक. मग मध्येच बंद झालं. बायकोनं नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं.

"काय झालं? रडायचं का थांबलं?"

त्याला उठून बघता आलं असतं, पण उठवेना. कॉरिडॉरमधून वॉर्डबॉय चादरींची गाडी ढकलत गेला. सिग्नलला दिसलं की वरची चादर नीट घडी न घालता टाकली आहे. एरवी त्यानं तिची पुन्हा घडी घातली असती. आता तो नुसता बघत राहिला.

बराच वेळ झाला तसं बायको आत गेली. खोलीच्या कोपऱ्यात पडदा ओढून मुलगी स्टुलावर बसली होती. बायकोनं पडदा जरासा सारला. बाळ चिकटलेलं होतं. टक् आवाज नव्हता. गाल आत जात होते, बाहेर येत होते, आणि घशात घोट उतरताना दिसत होता.

"ओढतोय," मुलगी म्हणाली.

बस, एवढंच. आनंदानं नाही, आश्चर्यानंही नाही. समोर जे होतं ते सांगितलं. पण या वेळी ती भिंतीकडे बघत नव्हती.

बायकोनं मग दोघांच्या वाटणीचं रडून घेतलं, डॉक्टरला आशीर्वाद दिले, मदतनीस बाईला किती मुलं आहेत ते विचारलं आणि कॅन्टीनमधून चहा आणवला. सिग्नलसाठी चहा थंड करून घेतला होता. त्यानं घोट घेतला आणि तो सगळा शर्टावर आला. कळलंच नाही. ओठ कुठे संपतो आणि कप कुठे सुरू होतो याचा त्याला पत्ता नव्हता.

"आता बोला काहीतरी," बायको त्याचा शर्ट पुसत म्हणाली. "जन्मभराचं साठलं असेल."

सिग्नलनं खरंच विचार करून बघितला. काही साठलेलं नव्हतं.

घरी पोचल्यावर त्याचा बधिरपणा उतरायला लागला. आधी कान परत आला, मग गाल, आणि मग दुखणं आलं, चांगलं सपाटून. खालचा ओठ आतून चावला गेला होता. तोही आता ठणकायला लागला. तो अंथरुणावर पडून राहिला. बाहेरच्या खोलीत विहीणबाईंचा फोन चालू होता. मुलीनं "कापलं" एवढं एकच वाक्य सांगून फोन आईकडे दिला होता, आणि आईनं पुढचा किल्ला लढवला.

"हो हो, अगदी एवढंसं... नाही हो, मुकं कशाला होईल?... तुम्ही म्हणता ते बरोबर, पण विहीणबाई, पोर उपाशी होतं... हो, आमच्याकडूनच आलंय ते, कबूल... तुमच्याकडे सगळ्यांच्या जिभा मोकळ्या आहेत, ते दिसतंच आहे मला."

शेवटचं वाक्य तिला बोलायचं नव्हतं. पण जिभेला हाड नसतं. पलीकडून फोन ठेवला गेला. मुलीनं तो आवाज ऐकला, आणि बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं.

जखम भरेपर्यंत सिग्नलला दिवसातून अनेकदा जीभ उचलायची, बाहेर काढायची, डावी-उजवीकडे न्यायची होती. तो हा व्यायाम रोलरपाशी उभा राहून करायचा. पहिल्या दिवशी लॉन्ड्रीत कुणालाच हा नवा इशारा कळला नाही. घडी घालणाऱ्या बाईला वाटलं, काका वेडावून दाखवतायत. तिनंही जीभ काढली. मग सुकवणीवाल्यानं काढली. साहेब खाली आला तेव्हा कपाळाला हात लावायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही, आणि साहेबानं बघितलं की सगळा हॉल जीभ काढून उभा आहे.

बोलणं काही सुधारलं नाही. इतक्या वर्षांचं वळण कात्रीनं सुटत नाही. एकदा मात्र चादर सोडताना वरच्या ओठावर घाम आला, आणि जीभ आपणहून वर जाऊन तो पुसून आली. खारट होता. सिग्नल थोडा वेळ तिथेच थांबला. मग पंजा वर केला आणि पुढची चादर घेतली.

बाळाला वजनासाठी नेलं तेव्हा तोही बरोबर गेला. काट्याच्या थाळीत बाळ हातपाय झाडत होतं. नर्सनं आकडा स्थिर होईपर्यंत वाट पाहिली. जीभ बघायला आलेल्या दातांच्या डॉक्टरनं आकडा बघितला, मागचा आकडा बघितला.

"वाढलं म्हणावं असं नाही," ती म्हणाली. "पण उतरलं नाही. उतरायचं थांबलंय. हे महत्त्वाचं."

बायकोचा चेहरा पडला. तिला गुबगुबीत नातू हवा होता, आजच्या आज. मुलीनं बाळाला थाळीतून उचललं, गुंडाळलं, खांद्यावर घेतलं. सिग्नलला वाटलं, आता ती नेहमीसारखी "बरं" म्हणेल आणि चपलांकडे बघत बाहेर पडेल.

"रात्री डाव्या बाजूनं नीट धरतो, उजव्या बाजूनं सटकतो," मुलगी म्हणाली. "मला उजवीकडे दुखतं अजून. काय करू?"

बाळ झाल्यापासून तिनं स्वतःसाठी कुणालाही काही विचारलेलं नव्हतं.

डॉक्टरनं खुर्ची पुढे ओढली. "बसा. लावून दाखवा बरं, कसं घेता ते."

मुलगी बसली. बायको लगबगीनं मदतीला धावली, तिला उशी हवी, रुमाल हवा, खिडकी बंद हवी. सिग्नल मागे सरकला, बाहेर आला आणि दार हळूच ओढून घेतलं. आतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. डॉक्टर सांगत होती, मुलगी मध्येच थांबवून पुन्हा विचारत होती. तो बाकावर बसला आणि ते चालू असेपर्यंत बसून राहिला.